जमिनीत सापडलेली धातूची जुनी वस्तू : ओळख कशी पटवावी, नोंद कशी ठेवावी

केडगाव : नगर-पुणे रस्त्यावरील केडगाव हे रेणुकामातेच्या देवस्थानासाठी ओळखले जाणारे गाव आता महापालिकेच्या हद्दीतील मोठे उपनगर झाले आहे. शेतजमिनींचे भूखंड पडले, पाये खोदले गेले, जलवाहिन्यांसाठी चर निघाले. जेथे पूर्वी नांगर वीतभर खोल जात असे, तेथे आता यंत्राचा फावडा पुरुषभर खोल जातो. त्यातच धातुशोधक यंत्रे, अर्थात मेटल डिटेक्टर, बाजारात सहज मिळू लागली आहेत. पाच शतकांचा लष्करी व राजकीय इतिहास असलेल्या या परिसरात मातीतून गंजलेले नाणे, लोखंडी गोळा किंवा हिरवट पडलेली एखादी मूर्ती वर येणे यात नवल नाही. वस्तू हाती आली की दोन प्रश्न हमखास विचारले जातात : ही काय आहे आणि हिची किंमत किती? त्यांआधी विचारावयाचा तिसरा प्रश्न मात्र बहुधा राहून जातो : ही नेमकी कोठे, किती खोल आणि कशासोबत होती? वस्तूची ओळख पटणे बव्हंशी या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. याचा सर्वांत मोठा दाखला अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातच आहे.

दायमाबादचा धडा

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरा नदीच्या डाव्या तीरावर दायमाबाद हे प्राचीन वसाहतीचे ठिकाण आहे. बी. पी. बोपर्डीकर यांनी १९५८ मध्ये ते प्रथम उजेडात आणले. त्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने येथे तीन वेळा उत्खनन केले : १९५८-५९ मध्ये म. न. देशपांडे यांच्या, १९७४-७५ मध्ये एस. आर. राव यांच्या आणि १९७५-७६ ते १९७८-७९ या काळात शां. अ. साळी यांच्या नेतृत्वाखाली. सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे अशा पाच ताम्रपाषाणयुगीन संस्कृतींचे थर येथे एकावर एक आढळले.

मात्र दायमाबादचे नाव जगभर झाले ते या उत्खननांतून निघालेल्या वस्तूंमुळे नव्हे. १९७४ मध्ये एका स्थानिक भिल्ल शेतकऱ्याला झुडपाच्या बुंध्याशी खणताना धातूच्या चार भरीव वस्तू सापडल्या. दोन बैल जुंपलेला आणि उभ्या पुरुषाने हाकलेला सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा रथ, चाकांच्या चौथऱ्यावर उभी असलेली ३१ सेंटिमीटर उंचीची म्हैस, २५ सेंटिमीटर उंचीचा हत्ती आणि १९ सेंटिमीटर उंचीचा गेंडा असा तो संच होता. हत्तीच्या चौथऱ्याची चाके व आस नष्ट झालेले होते. चारही वस्तूंचे एकत्रित वजन ६० किलोंहून अधिक भरले. भारतीय उपखंडात त्या काळातील म्हणून इतके धातूकाम एका जागी मिळण्याचे उदाहरण दुर्मिळच. या संचातील मूर्तींमुळे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या पुरातत्त्व दालनाला मोठे मोल आले.

मूर्ती हाती आल्या, मोजल्या गेल्या, त्यांची छायाचित्रे निघाली. तरीही त्यांच्या वयाबद्दल विद्वानांचे एकमत झाले नाही. देशपांडे, राव आणि साळी यांनी परिस्थितीजन्य पुराव्याच्या आधारे त्या उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या, मानल्या. उलट डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या रासायनिक पृथक्करणाचा आधार घेतला. या वस्तूंमध्ये आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आहे, तर अन्य ताम्रपाषाणयुगीन वस्तूंमध्ये आर्सेनिकचे असे मिश्रण आढळत नाही. त्यामुळे या मूर्ती बऱ्याच नंतरच्या, ऐतिहासिक काळातील असू शकतात, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या वादाचे मूळ मूर्तींच्या घडणीत नाही, त्या मिळाल्या त्या रीतीत आहे. त्या शास्त्रीय उत्खननात मिळाल्या असत्या, तर त्या कोणत्या थरात होत्या, त्यांच्यासोबत कोणती खापरे होती, त्यांच्यावरची जमीन कोणत्या काळातील होती, हे तेथेच नोंदले गेले असते. शेतकऱ्याचा यात काही दोष नव्हता. त्याला सरपण हवे होते. पण मूर्ती मातीतून उचलल्या गेल्या त्या क्षणी हा पुरावा मोडला आणि पुढील सर्व चर्चा शैली व रसायनशास्त्र यांच्या आधारे करावी लागली. इतक्या मोलाच्या वस्तूंची ही स्थिती, तर डिटेक्टरने एकेक करून उपटलेल्या नाण्यांची काय कथा?

एकत्र सापडण्याचे मोल

याच्या उलट उदाहरण शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील आहे. सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. ती क्षहरात क्षत्रप नहपानाची नाणी होती आणि त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे नव्याने उमटवलेले होते. सातवाहन राजाने नहपानाचा पराभव करून त्याचेच चलन आपल्या नावाने फिरवले, ही गोष्ट या साठ्याने डोळ्यांपुढे ठेवली. नाणी एकेक करून सराफाकडे गेली असती, तर ती वितळून चांदी झाली असती. साठा एकत्र राहिला म्हणून ठसे मारलेल्या आणि न मारलेल्या नाण्यांचे प्रमाण कळले, आणि त्या प्रमाणातून इतिहास कळला.

म्हणून धातूची जुनी वस्तू दृष्टीस पडताच खोदकाम थांबवणे हे पहिले काम. वस्तू अर्धवट मातीत असतानाच तिचे छायाचित्र घ्यावे. शेजारी मोजपट्टी किंवा परिचित मापाची एखादी वस्तू ठेवावी. जमिनीच्या पृष्ठभागापासूनची खोली, गट क्रमांक, विहीर, बांध वा रस्ता अशा स्थिर खुणेपासूनचे अंतर आणि दिशा लिहून ठेवावी. मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश मिळतात, तेही टिपावेत. मातीचा रंग, आसपासची खापरे, राख, हाडे, विटांचे तुकडे, बांगड्यांच्या काचा यांची नोंद घ्यावी आणि त्या वस्तू फेकू नयेत. नाणी ज्या मडक्यात असतील ते मडके फुटलेले असले तरी नाण्यांइतकेच महत्त्वाचे असते. मडक्याच्या घडणीवरून साठा केव्हा पुरला याचा अंदाज बांधता येतो.

धातू कोणता?

नोंद झाल्यावर वस्तूकडे वळावे. धातू ओळखण्याची पहिली खूण म्हणजे त्यावर चढलेला गंज. तांबे आणि तांब्याच्या मिश्रधातूंवर हिरवा किंवा निळसर हिरवा थर येतो. लोखंडाचा गंज तांबूस-तपकिरी असून त्याचे पापुद्रे सुटतात आणि वस्तू मूळ आकारापेक्षा फुगलेली दिसते. शिशावर राखाडी-पांढरी पुटे चढतात व वस्तू आकाराच्या मानाने जड लागते. चांदी काळवंडते. चांदीत तांबे अधिक असेल तर तिच्यावरही हिरवट थर येतो आणि ती तांब्याची असल्याचा भास होतो. निखळ सोने मातीतही जसेच्या तसे राहते.

दुसरी कसोटी लोहचुंबकाची. लोखंड चुंबकाला चिकटते. मात्र पूर्णपणे गंजून गेलेले लोखंड चिकटेलच असे नाही. १९४७ चा निकेलचा रुपयाही चिकटतो, हे ध्यानात ठेवावे. तांबे, पितळ, कांसे, शिसे, चांदी आणि सोने यांना चुंबक ओढत नाही.

तिसरी कसोटी घनतेची असून ती घरच्या तराजूवरही करता येते. वस्तूचे हवेतील वजन घ्यावे, नंतर दोऱ्याने पाण्यात लटकवून वजन घ्यावे आणि हवेतील वजनाला दोन्ही वजनांतील फरकाने भागावे. हवेत ९० ग्रॅम आणि पाण्यात ८० ग्रॅम भरलेल्या वस्तूची घनता ९ येते; म्हणजे ती तांब्याच्या जवळची आहे. लोखंडाची घनता सुमारे ७.८, पितळेची ८.४ ते ८.७, तांब्याची ८.९, चांदीची १०.५, शिशाची ११.३ आणि सोन्याची १९.३ असते. गंज जाड असेल किंवा वस्तू पोकळ असेल तर हा आकडा फसवा ठरतो. तडे गेलेल्या वा पूड सुटणाऱ्या वस्तूवर हा प्रयोग करूच नये.

तांबे, कांसे आणि पितळ यांतील फरक डोळ्यांनी सांगणे कठीण. कांस्यात तांब्याबरोबर कथील असते, पितळेत जस्त. हा भेद कालनिर्णयासाठी उपयोगी पडतो. जस्ताचे खनिज व तांबे एकत्र तापवून पितळ करण्याच्या जुन्या पद्धतीत जस्ताचे प्रमाण साधारण २८ टक्क्यांपलीकडे जात नाही. त्याहून अधिक जस्त असेल तर निव्वळ जस्त धातू मिसळलेला आहे आणि वस्तू तुलनेने अलीकडची असण्याची शक्यता वाढते. अशी तपासणी क्ष-किरणांच्या साह्याने, वस्तूला ओरखडाही न काढता होते. घरी कानशीने घासून ‘आतला रंग’ पाहण्याचे कारण नाही.

घडण काय सांगते?

धातूइतकीच घडण बोलकी असते. आट्यांचा स्क्रू, कारखान्याचा क्रमांक, वितळजोडाची रेषा, अगदी एकसारखी जाडी या खुणा आधुनिक काळाच्या आहेत. अ‍ॅल्युमिनियमची वस्तू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपूर्वीची नसते. साच्यात ओतलेल्या वस्तूवर दोन अर्धुकांच्या सांध्याची बारीक रेघ राहते. ठोकून घडवलेल्यावर हातोडीचे सपाट ठसे दिसतात. मेणाचा साचा वितळवून केलेली मूर्ती एकमेव असते, कारण तिचा साचा फोडावाच लागतो.

लेख असेल तर ओळख सोपी होते. विजापूरची प्रसिद्ध ‘मलिक-ए-मैदान’ तोफ नगरमध्ये १५४९ मध्ये ओतली गेली आणि ती मुहम्मद बिन हसन रूमी याने केली, हे तोफेवरील लेखामुळेच निश्चित कळते. तोफ आज विजापुरात असली तरी तिचे जन्मस्थान नगर आहे. यातून आणखी एक बोध होतो : वस्तू जेथे सापडली तेथेच घडली असे गृहीत धरता येत नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४-४५ च्या सुमारास मिळालेल्या कांस्यवस्तूंमध्ये पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची छोटी मूर्ती होती. ती रोमन जगातून व्यापाराच्या वाटेने आली होती.

नगर परिसरात काय आढळू शकते?

अहमद निजामशहाने १४९० मध्ये नगरची स्थापना केली. १६०० मध्ये शहर मोगलांकडे, १७५९ मध्ये किल्ला पेशव्यांकडे, १७९७ मध्ये दौलतराव शिंद्यांकडे गेला. ऑगस्ट १८०३ मध्ये जनरल वेलस्लीने पेठ आणि किल्ला जिंकला व १८१७ मध्ये येथे इंग्रजी अंमल स्थिरावला. या प्रत्येक राजवटीचे चलन या मातीत मिसळले आहे.

सर्वाधिक परिचित नाणे म्हणजे शिवराई. तांब्याच्या या नाण्यावर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी देवनागरी अक्षरे असतात. ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असल्याने बहुधा काही अक्षरे काठाबाहेर गेलेली दिसतात. शिवराई मिळाली म्हणजे ती शिवकालीनच, असे मात्र नव्हे. शिवराज्याभिषेकाच्या काळात सुरू झालेले हे नाणे पुढे पेशवाईतही पाडले जात होते. अक्षरांच्या मध्ये दोन आडव्या रेघा असलेली ‘दुदांडी’ शिवराई ही नंतरच्या काळातील आहे. जाडजूड, ओबडधोबड आणि फारसी अक्षरांची तांब्याची नाणी बहमनी, निजामशाही वा मोगल असू शकतात. तेथे वाचन तज्ज्ञाकडूनच करून घ्यावे. तराजूचे चित्र असलेला तांब्याचा पैसा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्याचा. मध्ये भोक असलेला पैसा १९४३ ते १९४७ या काळातला. तो आजीच्या बटव्यातही सापडतो.

याहून मागे गेल्यास यादवकाळातील सोन्याची पद्मटंक नाणी आणि सातवाहनांची शिसे, तांबे व मिश्रधातूची नाणी येतात. हत्ती आणि चार टोकांना वर्तुळे असलेला अधिकचिन्हासारखा ‘उज्जैन’ ठसा ही सातवाहन नाण्यांची ठळक खूण. जिल्ह्यातील नेवासे येथील १९५४ ते १९५६ च्या उत्खननात अशा प्राचीन वसाहतीचे थर उलगडले गेले. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये झालेल्या उत्खननात तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या. अनभिज्ञ माणसाच्या हाती अशी कुऱ्हाड पडली तर तो तिला मोडका फाळ समजून भंगारात देईल.

ताम्रपट हा आणखी एक प्रकार. यादव राजा दुसरा भिल्लम याचा शके ९२२, म्हणजे इसवी सन १०००, मधील ताम्रपट संगमनेरचाच. ताम्रपटाचे पत्रे एका कडीत ओवलेले असतात आणि कडीवर राजमुद्रा असते. पत्रे सुटे करण्यासाठी कडी तोडणे म्हणजे दस्तऐवजाची मोहोर फोडण्यासारखेच आहे.

प्रत्यक्षात बहुसंख्य वस्तू यापेक्षा साध्या असतात. बैलगाडीच्या चाकाची धाव, मोटेचे कडे, नांगराचा फाळ, घोड्याची नाल, बैलांच्या शिंगांच्या पितळी शेंब्या, घुंगरे, जोडवी, समईचा भाग, शेर व छटाकाची वजने ही यादी कोणत्याही जुन्या वस्तीत निघते. देशात दशमान वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, तेव्हा शेराचे वजन बहुधा त्याआधीचे. देव्हाऱ्यातील टाक, म्हणजे देवतेचे ठसे उमटवलेले छोटे पत्रे, यांवरून त्या घराचे कुलदैवत कळते. बाजारभावाने अशा वस्तू नगण्य असल्या तरी जुन्या गावठाणाच्या सीमा आणि व्यवसाय शोधण्यास त्या मोठी मदत करतात.

गोळा दिसला तर हात लावू नये

नगर हे छावणीचे शहर आहे, जिल्ह्यात के. के. रेंज हे लष्कराचे गोळीबार सराव क्षेत्र आहे. त्यामुळे येथे मिळणाऱ्या प्रत्येक गोल वा नळीसारख्या लोखंडी वस्तूकडे संशयाने पाहिले पाहिजे. जुन्या तोफेचा ओतीव गोळा भरीव असतो. बारा पौंडी गोळा सुमारे ११ सेंटिमीटर व्यासाचा आणि साडेपाच किलोंच्या आसपास वजनाचा असतो. गिरणीतील वा कारखान्यातील दळणाचे पोलादी गोळेही असेच दिसतात, पण ते अधिक गुळगुळीत असतात. गोळ्याला एखादे छिद्र किंवा त्यात बसवलेले बूच दिसले, तर तो दारू भरलेला कुलपी गोळा असू शकतो. शतकांनंतरही त्यातील दारू पेट घेऊ शकते. टोकदार, पंख असलेली किंवा पितळी कडे असलेली वस्तू आधुनिक दारूगोळा असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी वस्तू हलवणे, ठोकणे, धुणे किंवा भंगारवाल्याला दाखवणे जिवावर बेतू शकते. लोकांना दूर करून ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे. ओळख पटवण्याचे काम बॉम्बशोधक पथकाचे आहे.

यंत्राची मर्यादा

मेटल डिटेक्टरच्या वेटोळ्यातून बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडले जाते. धातूत त्यामुळे सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि त्यांचे प्रतिक्षेत्र यंत्र टिपते. साधारण यंत्राला नाण्याएवढी वस्तू वीतभर खोलीपर्यंतच जाणवते. दख्खनच्या काळ्या मातीत बेसाल्ट खडकातील चुंबकीय खनिज भरपूर असल्याने येथे यंत्र वरचेवर खोटा आवाज देते. ‘सोने’ आणि ‘लोखंड’ असा भेद दाखवणारा काटा वाहकता आणि आकार यांवरून अंदाज बांधतो; बाटलीचे झाकण आणि अंगठी यांत त्याची फसगत होते. वस्तूचे वय तर कोणतेही यंत्र सांगत नाही.

ब्रिटनमध्ये जमीनमालकाच्या परवानगीने हा छंद कायदेशीर आहे. तेथे १९९६ चा ट्रेझर अ‍ॅक्ट आहे आणि १९९७ पासून सामान्य नागरिकांना मिळालेल्या वस्तूंची ठिकाणासह नोंद करण्याची योजना चालते. २००९ मध्ये स्टॅफर्डशायरमधील शेतात एका छांदिष्टाला अँग्लो-सॅक्सन काळातील सोन्या-चांदीचा मोठा साठा लागला. त्याने कळवल्यानंतर पुरातत्त्वज्ञांनी तेथे पद्धतशीर खोदकाम केले आणि साठा संग्रहालयात पोहोचला. भारतातील कायदा वेगळा आहे. परदेशी चित्रफिती पाहून येथे यंत्र घेऊन निघणाऱ्याने तो आधी समजून घ्यावा.

कायदा काय म्हणतो?

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ हा ब्रिटिशकालीन कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, मूल्य असलेली कोणतीही वस्तू म्हणजे निखात निधी. तिचे मूल्य दहा रुपयांहून अधिक असेल तर शोधणाऱ्याने तिचे स्वरूप, अंदाजे मूल्य, जागा आणि तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे आणि वस्तू सरकारी कोषागारात जमा करणे किंवा तिच्यासाठी जामीन देणे बंधनकारक आहे. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढून दावेदारांना बोलावतात व चौकशी करतात.

निधी बेवारस ठरला आणि सरकारने तो संपादन केला नाही, तर शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटणी होते. दोघांत वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा व उरलेला मालकाचा असतो. सरकारने निधी संपादन केला तर धातूचे मूल्य आणि त्यावर एक पंचमांश अधिक रक्कम द्यावी लागते. म्हणजे प्रामाणिकपणे कळवणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही, ही समजूत बरोबर नाही. उलट न कळवणाऱ्याचा वाटा सरकारजमा होतो आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार किमान शंभर वर्षे जुनी नाणी, मूर्ती व कलावस्तू ‘पुरावशेष’ ठरतात. त्यांच्या व्यापारास परवाना लागतो, खासगी निर्यातीस बंदी आहे आणि धातूच्या मूर्तींसारख्या अधिसूचित प्रकारांची नोंदणी करावी लागते. संरक्षित स्मारके व स्थळांच्या हद्दीत विनापरवाना खोदणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. किल्ला, जुनी बारव, समाधी, पांढरीचे टेकाड अशा ठिकाणी यंत्र फिरवण्याआधी हे लक्षात घ्यावे.

स्वच्छ करण्याची घाई नको

वस्तू मिळताच चिंच, लिंबू, राख किंवा पितळ उजळण्याची भुकटी लावून ती चकचकीत करण्याची आपल्याकडे सवय आहे. आम्लाने गंजाबरोबर अक्षरेही जातात. गंजलेल्या नाण्यावरील लेख बहुधा धातूत कमी आणि गंजाच्या थरात अधिक उरलेला असतो. गंजाला चिकटलेला कापडाचा धागा किंवा धान्याचा दाणाही पुरावा असतो. सुटी माती मऊ कुंचल्याने झटकावी, एवढेच पुरे. तांब्याच्या वस्तूवर फिकट हिरवी, पिठासारखी पूड दिसू लागली तर तो क्षारांमुळे होणारा ‘कांस्यरोग’ होय. अशी वस्तू कोरडी व इतरांपासून वेगळी ठेवून जाणकारांकडे द्यावी. प्रत्येक वस्तू स्वतंत्र पाकिटात ठेवून पाकिटावर जागा व तारीख लिहावी.

गुप्तधन आणि फसवणूक

अज्ञानाचा फायदा घेणारे नेहमीच टपलेले असतात. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ साल आणि रामदरबार वा हनुमानाचे चित्र असलेली ‘नाणी’ लाखोंच्या किमतीला विकण्याचे प्रयत्न होतात. कंपनीने असे चलन कधीच काढले नाही. ते अलीकडचे बिल्ले आहेत. तांदळाचे दाणे ओढून घेणारे ‘राइस पुलर’ भांडे ही तर निव्वळ ठकबाजी आहे. तांब्याला तांदूळ ओढण्याची शक्ती नसते. गुप्तधनाच्या नावाने पूजा, बळी आणि अघोरी प्रकार करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमानुसार गुन्हा आहे.

दाखवावे कोणाला?

लेखी खबर तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला द्यावी व पोच घ्यावी. तज्ज्ञ मताचे काम राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचे आहे. पुण्याचे डेक्कन कॉलेज हे पुरातत्त्व अध्ययनाचे जुने केंद्र आहे, तर नगर शहरातील ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात स्थानिक नाणी, शस्त्रे व कागदपत्रे ताडून पाहता येतात. सराफ धातूचा कस सांगू शकतो, काळ नव्हे; भंगारवाला वजन सांगतो, बाकी काही नाही.

केडगावच्या वाढत्या वस्तीखाली काय दडले आहे, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तेथे उद्या निघणारी वस्तू दायमाबादच्या हत्तीसारखी असेल किंवा मोटेचे गंजलेले कडे असेल. दोहोंसाठी पहिल्या तासाभरात करावयाचे काम एकच आहे. जेथे दिसली तेथे थांबणे, मोजणे, लिहून ठेवणे आणि कळवणे. वस्तूची तपासणी पुढे केव्हाही होऊ शकते. मोडलेला थर मात्र पुन्हा रचता येत नाही.